पहिले नाव काढा, मॅडम

संशोधनलेख शोधायच्या डेटाबेसच्या पानावर डाव्या बाजूला एक पट्टी असते. वर्ष, विषय, लेखाचा प्रकार असं करत खाली उतरलं की 'भाषा' लागते आणि तिच्याखाली चौकोनांची रांग. त्यातल्या 'इंग्रजी'च्या चौकोनात मी पहिल्याच दिवशी खूण केली होती. चार-दोन लेख अगम्य लिपीत समोर आले, कटकट नको म्हणून टिचकी मारली आणि विसरून गेले. पुढचे तीन महिने मी समजत होते की जगभरातलं संशोधन चाळतेय.

हे उघडकीला आलं आरआरसीच्या, म्हणजे पीएचडीचे विषय तपासणाऱ्या विद्यापीठाच्या समितीच्या बैठकीत. माझा विषय काटोल तालुक्यातल्या संत्राबागांमधला ग्रीनिंग रोग आणि तो पसरवणारी सिट्रस सायला ही कीड. वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवल्यावर पीएचडीला बसलेली बाई म्हणून समिती तशी सौम्य वागत होती. बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी मात्र संदर्भांची यादी बोटानं खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "हा रोग पहिल्यांदा नीट ओळखला चीनमध्ये. ब्राझील २००४पासून त्याच्याशी झगडतंय. तुमच्या यादीत एकही चिनी नाही, एकही पोर्तुगीज नाही. का?" मी म्हटलं, "सर, मिळालं नाही." ते म्हणाले, "शोधलं होतं?" खोलीत कुलरचा आवाज तेवढा राहिला.

घरी येऊन लॅपटॉप उघडला तेव्हा ती खूण दिसली. काढली. निकालांचा आकडा टुणकन उडाला. त्या संध्याकाळी स्वतःवर चिडावं की हसावं हेही कळत नव्हतं.

नवतपा चालू होता. तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल, अशा अवस्थेत सकाळी नवाला विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोचायचं आणि ऊन उतरल्यावर निघायचं, असा बेत केला. घरून काम जमलं असतं तर कोण गेलं असतं! 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन-नियतकालिकांच्या वर्गणीची केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ला सुरू झाली आहे, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं देशातल्या ६,३००हून जास्त संस्थांना खुली आहेत. पण पहिल्या टप्प्यात सरकारी संस्था. मी शिकवते ते कॉलेज खासगी, अनुदानित. म्हणजे प्राध्यापक म्हणून माझ्यासाठी दार बंद आणि विद्यार्थिनी म्हणून उघडं. विद्यापीठाच्या नावाचा ईमेल मिळाला की घरूनही लॉगिन होतं म्हणे. माझा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला पाच आठवडे लागले, ती कथा वेगळी आहे आणि कंटाळवाणी आहे. तोवर विद्यापीठाच्या आवारातल्या इंटरनेटवर बसणं हाच मार्ग.

संदर्भ विभागात एक सर बसतात. निवृत्तीला आलेले, टेबलावर तांब्या-भांडं, संगणकाच्या पडद्यावर धूळ बसू नये म्हणून घरून आणलेला टॉवेल. मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "चिनी लेख कुठल्या डेटाबेसमध्ये असतात?" त्यांनी डेटाबेसबद्दल चकार शब्द काढला नाही.

"रोगाचं नाव काय?"

"ग्रीनिंग."

"हे तं इंग्रजी झालं. तिकडचे शेतकरी काय म्हणतात त्याले?"

मी गप्प.

"पहिले नाव काढा, मॅडम. डेटाबेस मग पाहू. नाव चुकलं तं कुठंबी जा, रिकाम्या हातानं परत येसाल."

त्यांनी एक जुनं हजेरीपत्रक उलटं करून दिलं आणि पट्टीनं उभ्या रेघा आखल्या. इंग्रजी, लॅटिन, चिनी, पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच, जपानी. शेवटी एक रकाना मराठीचा. मराठीचा कशाला, असं मनात आलं होतं. रेघ आखलीच आहे तर राहू दे म्हटलं.

नावं काढायला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका इंग्रजी लेखाचाच. झोसेफ बोव्हे या फ्रेंच शास्त्रज्ञाचा २००६ सालचा आढावा, कुणालाही फुकट वाचता येतो. माझ्या यादीत तो आधीपासून होता, वाचलाही होता. पण संदर्भसूची कुणी वाचतं का? या वेळी तीच वाचली, आणि पहिल्या दिवसाचं काम तेवढंच झालं. एकच रोग, पण फिलिपीन्समध्ये त्याचं नाव 'मॉटल लीफ', इंडोनेशियात 'व्हेन फ्लोएम डिजनरेशन', तैवानमध्ये 'लिकुबिन', दक्षिण आफ्रिकेत 'ग्रीनिंग' आणि आपल्याकडे 'डायबॅक'. दक्षिण चीनमध्ये 'हुआंगलोंगबिंग'. लिंबूवर्गीय विषाणूतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९९५ साली चीनमधल्या फूचौ इथल्या परिषदेत हे शेवटचं नाव अधिकृत ठरवलं. म्हणजे १९९५च्या आधीचं काही शोधायचं तर ज्या त्या देशाचं ज्याचं त्याचं नाव घालावं लागणार.

मला वाटलं होतं लॅटिन नाव सगळ्यांवर औषध. लिपी कुठलीही असो, लॅटिन नाव रोमन अक्षरांतच छापतात, त्यामुळे चिनी मजकुराच्या समुद्रातही ते बेटासारखं वर दिसतं. किडीच्या बाबतीत हे शंभर टक्के चाललं. 'डायाफोरिना सिट्री' घातलं की जपानीपासून स्पॅनिशपर्यंत सगळे हजर. रोगाच्या जिवाणूचं तसं नाही. 'कँडिडेटस लिबेरिबॅक्टर' हे नाव १९९४चं, तेही तेव्हा 'लिबेरोबॅक्टर' असं लिहीत. त्याआधी कुणी त्याला विषाणू म्हणत होतं, कुणी मायकोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभित्तिका नसलेला जिवाणू. १९६०च्या लेखात १९९४चं नाव कुठून येणार! ते शोधत दीड दिवस घालवला हे सरांना सांगितलं नाही.

इथं 'अॅग्रिस'चं ऋण मान्य केलं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं हे भांडार १९७४पासून चालू आहे आणि ते फुकट आहे. त्यातल्या नोंदींना 'अॅग्रोव्होक' नावाच्या बहुभाषी शब्दकोशातले विषयशब्द जोडलेले असतात. लेख कुठल्याही भाषेतला असो, विषयशब्दाचा धागा एकच. इंग्रजीत शोधलं तरी पोर्तुगीज लेख हाताला लागतो. मी आधी याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, कारण दिसायला साधं आहे आणि आमच्याकडे कुणी त्याचं नाव घेत नाही. महागड्या डेटाबेसचं नाव संशोधनपद्धतीच्या प्रकरणात लिहिलं की वजन येतं, अशी एक समजूत आहे ना.

फ्रेंच काम सर्वांत लवकर झालं. १९७०मध्ये बोव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगट पानांत काहीतरी मायकोप्लाझ्मासारखं पाहिलं, तो लेख पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तान्तात आला होता. सगळे त्याचा संदर्भ देतात. किती जणांनी उघडून पाहिलाय, देव जाणे. हे जुने वृत्तान्त फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गॅलिका' या संग्रहात स्कॅन करून ठेवलेत. खंड २७०, पृष्ठ १९१५, इतकं माहीत होतं. पण गॅलिका पृष्ठाचा क्रमांक वेगळा मोजतं आणि स्कॅनच्या चित्राचा वेगळा. १९१५ टाकलं तर मी भलत्याच कुठल्यातरी विषयात जाऊन पडले. मागेपुढे चाळत अर्ध्या तासात पोचले. तीनच पानं! भाषांतरयंत्रात घातली तर 'ग्रेफ' या शब्दाचं 'प्रत्यारोपण' झालं, जणू संत्र्याच्या झाडाची किडनी बदलली. आपल्याकडे त्याला कलम म्हणतात हे यंत्राला कोण सांगणार.

पोर्तुगीजनं मात्र माझी खरी फजिती केली. १९९७ साली ब्राझीलमध्ये सुरू झालेलं 'सायलो' हे संशोधनाचं खुलं भांडार उघडलं. 'ऑरेंज'ला पोर्तुगीजमध्ये 'लारांजा' म्हणतात हे काढलं, आणि मनात आनंद, कारण हा शब्द आपलाच. संस्कृतातलं 'नारंग' फारसी-अरबी करत स्पेनला गेलं आणि शेजारी पोर्तुगालात 'न'चा 'ल' झाला. तर 'लारांजा' टाकलं. ढीगभर लेख आले. दोन दिवस ते उतरवून घेतले, शीर्षकं भाषांतरित केली, वहीत नोंदी केल्या. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की हे सगळं मोसंबीवरचं आहे.

चूक माझीच, आणि वनस्पतिशास्त्राच्या बाईनं करू नये अशी. नागपुरी संत्रं म्हणजे मँडरिन, सिट्रस रेटिक्युलाटा. साल हातानं सुटते ते. मोसंबी वेगळी, सिट्रस सायनेन्सिस. आपण इंग्रजीत बिनधास्त 'नागपूर ऑरेंज' म्हणतो, शहरालाही 'ऑरेंज सिटी' म्हणतो, त्यामुळे बोटांना तेच वळण. ब्राझीलमध्ये लारांजा म्हणजे मोसंबीच्या जातकुळीचं फळ, ज्याचा ते रस काढतात. आपल्या संत्र्याच्या भावंडाला तिथे 'तांजेरिना' म्हणतात, कुठे 'मेशेरिका', आणि दक्षिणेकडे 'बेर्गामोता'. एका देशात तीन नावं. मग मला आपलंच आठवलं, एकाच फळभाजीला नागपुरात एक म्हणतात आणि कोल्हापुरात दुसरं.

'सिट्रस'चीही तीच गत. ब्राझीलमध्ये 'सिट्रोस', पोर्तुगालात 'सिट्रिनोस', फ्रेंचमध्ये तर अगदी वेगळं, 'अग्र्यूम'. सरांनी चांदणीची युक्ती शिकवली. सी, आय, टी, आर एवढी अक्षरं टाकायची आणि पुढे चांदणी काढायची, मग शेपूट काहीही असो, शब्द सापडतो. युक्ती छान. फक्त तिच्याबरोबर सायट्रिक आम्लावरचे सगळे लेख येतात, आणि सिट्रोनेला तेलाचेही. तेव्हा चांदणीला एकटं सोडायचं नाही, सोबत किडीचं लॅटिन नाव द्यायचं.

भाषांतरयंत्राच्या करामती मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला लागले. पोर्तुगीजमध्ये रोपवाटिकेतल्या रोपाला 'मुडा' म्हणतात. 'मुकी' या अर्थीही तोच शब्द. त्यामुळे एका सारांशात 'निरोगी मुक्या मुली लावाव्यात' अशी शिफारस होती. कलमासाठी घेतात त्या डोळ्याला ते 'बोर्बुल्या' म्हणतात, म्हणजे बुडबुडा. 'रोगमुक्त झाडाचे बुडबुडे खुंटावर भरले' हे वाचून मी वाचनकक्षात एकटीच हसले. मग वाटलं, आपण तरी काय म्हणतो? जंबेरीच्या खुंटावर डोळा भरतो. एखाद्या ब्राझीलच्या माणसानं आपली मराठी पुस्तिका यंत्रात घातली तर त्याला वाटेल नागपूरकडचे लोक झाडाला डोळे बसवतात.

चिनीकडे मी शेवटी वळले, कारण भीती. सरांनी विचारलं, "चिनी वाचता येते काय तुम्हाले?" मी नाही म्हटलं. "मग कायले भेता? ज्याले थोडी येते त्यानं भ्यावं."

मला हवा होता १९५६चा लेख. लिन कुंग-श्यांग या शास्त्रज्ञानं ग्वांगडोंग प्रांतात या रोगावर काम केलं. तोवर लोक म्हणत, जमिनीत पाणी साचतं म्हणून झाडं पिवळी पडतात, अन्नद्रव्यं कमी आहेत, मुळांना बुरशी आहे, सूत्रकृमी आहेत. लिननं कलमं बांधून दाखवून दिलं की रोग कलमातून जातो, म्हणजे तो संसर्गजन्य आहे. हे चिनी वनस्पतिरोग नियतकालिकात छापून आलं. बाहेरच्या जगानं त्याची फारशी दखल घेतली नाही. दक्षिण आफ्रिकेत हीच गोष्ट स्वतंत्रपणे सिद्ध झाली १९६५मध्ये. नऊ वर्षांनी. आपल्याकडे सिट्रस सायलामुळे रोग पसरतो हे पुण्यातल्या संशोधकांनी १९६७ साली दाखवलं. १९९५मध्ये चिनी नावच का निवडलं, तर पहिला मान लिनचा म्हणून.

मी 'लिन कुंग-श्यांग' टाकून शोधत होते आणि काहीच सापडत नव्हतं. कारण पुन्हा नावच. चिनी शब्द रोमन अक्षरांत लिहिण्याची आजची पद्धत, पिनयिन, चीनमध्ये १९५८ साली लागू झाली. हा लेख त्याच्या दोन वर्षं आधीचा. इंग्रजी संदर्भांत जुनं स्पेलिंग चालत आलं, पण चिनी डेटाबेस आजच्या पद्धतीनं चालतात आणि तिथे हाच माणूस 'लिन कोंगश्यांग' असतो. रोगाचंही तसंच. जुन्या लेखांत तो 'हुआंगलुंगपिन', नव्या लेखांत 'हुआंगलोंगबिंग'. शेवटी तिन्ही चिनी अक्षरं एका नव्या लेखातून उचलली आणि शोधाच्या चौकटीत चिकटवली. वाचता येत नसलेली अक्षरं चिकटवताना हात जरा कापतो, कारण चूक झाली तर ती आपल्याला दिसणारही नाही. तैवानचे लेख हवे असतील तर तीच अक्षरं जुन्या, जास्त रेघांच्या रूपात टाकावी लागतात. तेही नंतर कळलं.

आणि अर्थ? यंत्रानं सांगितलं, 'पिवळ्या ड्रॅगनचा रोग'. मी खूश होऊन ते प्रस्तावनेत लिहिलंसुद्धा. मग बोव्हेच्या लेखात तळाशी खुलासा सापडला. चाओशान भागातल्या बोलीत 'लोंग' म्हणजे कोवळी फूट. पिवळ्या फुटीचा रोग. तिथल्या शेतकऱ्यांनी हिरव्या झाडावर एकच फांदी पिवळी पडलेली पाहिली आणि जे दिसलं तेच नाव ठेवलं. ड्रॅगन कुठून आला? लिहिताना त्या उच्चाराचं जे अक्षर वापरलं त्याचा अर्थ ड्रॅगन. प्रस्तावनेतला ड्रॅगन मी गुपचूप काढला.

'सीएनकेआय' या मोठ्या चिनी भांडाराचं इंग्रजी पान आहे, सारांश तिथे दिसतात, पूर्ण लेखाला पैसे पडतात. आमच्या विद्यापीठाची वर्गणी नाही, आणि ती असावी अशी अपेक्षाही मी करत नाही. अलीकडच्या पुष्कळ लेखांना इंग्रजी सारांश असतो, त्यावर भागलं. लिनच्या लेखासाठी मी सरळ भीक मागितली. या रोगावर अलीकडे लिहिणाऱ्या ग्वांगचौच्या एका संशोधिकेचा ईमेल तिच्या लेखाखाली होता. चार वाक्यांचं पत्र लिहिलं. सरांनी त्यातली दोन खोडली. "लांब पत्र कोणी वाचत नाही, बाप्पा. काय पायजे, कायले पायजे, बस." खाली यंत्राकडून करून घेतलेलं चिनी भाषांतर जोडलं, आणि ते यंत्राचं आहे हेही लिहिलं. तिच्याकडून अकराव्या दिवशी स्कॅन आला. सोबत दोन ओळी: नागपूरचं संत्रं तिनं पुस्तकात वाचलं आहे, आणि पानाच्या छटांचे तुमच्याकडचे फोटो पाठवाल का.

तो लेख मी 'वाचला' असं म्हणणार नाही. फोनचा कॅमेरा पानावर धरून शीर्षकं, चित्रांखालच्या ओळी, कोष्टकांचे मथळे एवढं उलगडलं. जुनी छपाई, फुटकी अक्षरं. यंत्र मध्येच काहीही बोलायचं. प्रबंधात मी स्पष्ट लिहिलंय की या लेखाचे एवढे भाग मूळातून पाहिले आणि बाकीचं दुय्यम संदर्भावरून. गाईड म्हणाले, असं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, लिहू द्या.

जपानी तर शोधत नव्हतेच. 'डायाफोरिना सिट्री'च्या निकालांत 'जे-स्टेज' या जपानी भांडारातला एक लेख वर आला. १९८८मध्ये हा रोग ओकिनावाच्या बेटांवर सापडला होता. जपान्यांनी त्याला नवं नाव ठेवण्याची खटपट केली नाही, 'ग्रीनिंग' हाच शब्द आपल्या लिपीत लिहून टाकला, जसं आपण केलं. तिथून साखळी धरून मी २००७च्या एका लेखापर्यंत गेले. मजकूर जपानी, सारांश इंग्रजी, उतरवून घ्यायला फुकट. वाचता वाचता खुर्चीत सरळ झाले.

काटोलकडच्या बागेत फिरताना खरी अडचण ही असते की ग्रीनिंगचं पान आणि जस्ताच्या कमतरतेचं पान दोन्ही पिवळी दिसतात. जस्ताचं पिवळेपण मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं, ग्रीनिंगचे डाग उजवीकडे एक तर डावीकडे भलतेच. पुस्तकात सोपं, झाडावर महाकठीण. दोन्ही एकदम असतील तर विचारूच नका. खात्री करायची तर पीसीआर, म्हणजे प्रयोगशाळेतली डीएनए तपासणी, आणि दर झाडामागे तो परवडत नाही. ओकिनावाच्या लोकांनी काय केलं, तर पान पॉलिश पेपरनं घासलं, तो कागदाचा तुकडा छोट्या पिशवीत थोड्या पाण्यात बुडवला आणि वर आयोडीन टाकलं. ग्रीनिंगमध्ये पानातून अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात, पानात पिठूळ, म्हणजे स्टार्च, साचतं, आणि आयोडीननं पिठूळ काळंनिळं होतं. सहावीत बटाट्यावर करतो तोच प्रयोग! फांदीला इजा झाली तरी पिठूळ साचू शकतं, त्यामुळे हा काही अंतिम निकाल नाही. पण शंभर झाडांतली कुठली दहा पीसीआरला पाठवायची हे ठरवायला पुरे. चित्रं स्पष्ट होती. पद्धतीचा परिच्छेद मी तीन वेगवेगळ्या यंत्रांतून काढून ताडून पाहिला. तिन्ही एकच सांगत होती.

डिसेंबरात गावी गेले. आंबिया बहाराची तोडणी उरकत आली होती, बांधावर क्रेटचा ढीग. बाबांना पॉलिश पेपर मागितला तर त्यांनी रंगकामातला उरलेला आणून दिला. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आयोडीन आणलं होतं. विहिरीजवळची झाडं बरीच वर्षं झाली खंगत चालली आहेत. बाबांचं मत कायम एकच: तिथे पाणी मुरतं, जमीन चिबड आहे. दोनदा चर खोदून झाले त्यासाठी.

सात झाडांची पानं घासली. पिशव्या ओळीनं बांधावर ठेवल्या. चार पिशव्यांत पाणी चहासारखं राहिलं. तीन हळूहळू काळ्या पडल्या, त्या तिन्ही विहिरीजवळच्या. बाबा वाकून बघत होते.

"हे जपान्याचं डोकं म्हणतेस तू?"

"हो."

"आन् आमचे चर वाया गेले म्हण."

मी म्हटलं, पीसीआर होईपर्यंत काही म्हणू नका. त्यांनी मान हलवली, पण नजर पिशव्यांवरच. मी पिशवीतून ते उलटं हजेरीपत्रक काढलं. घड्या पडून फाटायला आलं होतं. सगळे रकाने भरले होते, एक सोडून.

"बाबा, याला तुम्ही काय म्हणता? ग्रीनिंग सोडून. तुमचे आजोबा काय म्हणायचे?"

"कायले पायजे तुले? इंग्रजीत आहे ना नाव."

"सांगा तर."

"सल येते म्हणतो आम्ही, वाळल्या काड्यांले. सल काढाव लागते दरसाल. आन् असं वरून वाळत आलं झाड, की शेंडेमर."

मी रकान्यात लिहिलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, जोडून काहून लिहिलं, शेंडे वेगळं आणि मर वेगळं. मी म्हटलं, तोडून लिहिलं तर शोधणाऱ्याला सापडणार नाही. ते म्हणाले, जोडून लिहिलं तर कोणाले समजणार नाही. आई जेवायला हाका मारत होती तरी आमचं तेच चाललं होतं. शेवटी दोन्ही लिहिली, एकाखाली एक.